एटीव्ही रिकामी सरळ जाते, टाकी भरली की भरकटते. अलाइनमेंट करूनही तेच

सड्यावरचा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, निम्मीअधिक सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. खाली जांभा दगड, मधून मधून गडगे (दगडी कुंपणं), जीप अर्ध्यातच राहते आणि पुढचं सगळं डोक्यावरून न्यावं लागतं. म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर एका रिसॉर्टने विकायला काढलेली सेकंडहँड एटीव्ही (चार जाड टायरांची, हँडलची गाडी) घेतली. ४०० सीसी, फोर बाय फोर, चिनी बनावट. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही कारण दोष गाडीचा की माझा हेच अजून ठरलेलं नाही. पुढे डबल ए-आर्म (चाक धरणारे वरचा-खालचा असे दोन A आकाराचे दांडे), टायर २५ बाय ८, रिम १२ इंची.

आता मोहोर फुटलाय, तुडतुड्यांच्या फवारण्या चालू आहेत. मागच्या रॅकवर फवारणीचा एचटीपी पंप आणि नळीचं वेटोळं, तिथे जागाच उरत नाही, म्हणून ६० लिटरची टाकी पुढच्या रॅकवर बांधतो. प्रॉब्लेम असा की रिकामी गाडी व्यवस्थित सरळ जाते पण टाकी भरली की पंधरा-वीसच्या स्पीडलाच डावी-उजवी करायला लागते, आणि जांभ्याच्या उंचवट्यावरून चाक गेलं की हँडल हातातून हिसकतं. पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने झिजलेत, डावा जास्त, त्याची आतली बटणं जवळपास गेलीच आहेत. समोर उभं राहून बघितलं तर चाकं वरून आत झुकलेली, फतकल मारून बसलेल्या बेडकासारखी गाडी दिसते.

टेम्पोत घालून कणकवलीला एका टायरवाल्याकडे नेली. त्यांनी कारच्या मशीनवर लावली, स्क्रीनवर लाल होतं ते हिरवं करून दाखवलं, ३ मिमी टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोकं मागच्यांपेक्षा तेवढी जवळ. घरी आणली, टाकी बांधली, परत तेच. परत नेली, परत हिरवं. आता तो म्हणतो शॉकअब गेलेत, जोडी बदला, दहा-बारा हजार. बाबांचं वेगळंच, "बैल बरे होते, तेंची अलायमेंट करूची लागत नाय होती."

शॉकअब बदलायचे का टायरॉड (हँडलकडून चाक वळवणारा दांडा), का दोन्ही? का आणखी काही? आता काय करूचा सांगा.

गप्प_बसवेना

प्रीलोड फुल कर, म्हणजे शॉकअबची स्प्रिंग दाबणारी कॉलर पूर्ण चढव, विषय संपला. पाचगणीला आमच्या भाड्याच्या गाड्या आहेत, सगळ्यांच्या कॉलर शेवटच्या खाचेला. शॉकअब बदलायच्या भानगडीत पडू नको.

लेथवाला_कोल्हापूर

भावा थांब, कुणाचंही ऐकून पाना लावू नकोस. आधी गाडीत खेळ किती आहे ते बघ, कारण खेळ असलेल्या गाडीची अलाइनमेंट करणं म्हंजे वाकड्या पाटावर ताट सरळ ठेवण्यातला प्रकार, हात काढला की परत घसरतंय.

इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन जॅक लाव, पुढची दोन्ही चाकं अधांतरी पाहिजेत. मग चाक वर-खाली धर, घड्याळातल्या बारा आणि सहावर, आणि हलव. हललं तर बेरिंग, बॉल जॉइंट नाहीतर ए-आर्मचे बुश. मग तीन आणि नऊवर धरून हलव, तिथं हललं तर टायरॉडचे एंड किंवा स्टेअरिंगच्या दांड्याचा खालचा बुश. एकट्यानं करू नको, एकानं हलवायचं आणि दुसऱ्यानं वाकून नेमकं कुठं हलतंय तिथं बोट ठेवून बघायचं, बोटाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. रिसॉर्टची गाडी म्हणतोस म्हंजे रोज धुतलेली, ग्रीस कधीतरीच, बुश खाल्लेले असणार असं मला वाटायलंय.

आणि एक गोष्ट जी कुणी बघत नाही. ए-आर्मच्या बुशमध्ये जी लोखंडी नळी असती, स्लीव्ह, ती बुशपेक्षा केसभर लांब पाहिजे. बोल्ट आवळला की स्लीव्ह चिमटून धरली गेली पाहिजे आणि आर्म स्लीव्हवर मोकळा फिरला पाहिजे. बाजारात कायबी माप न घेता बुश बसवत्यात, बुश लांब झाला की बोल्ट आवळल्यावर आर्मच जाम. मग गाडी दाबली की खालीच राहती, उचलली की वरच राहती, आणि माणूस म्हणतो स्प्रिंग बसली. स्प्रिंग बिचारी चांगली असती.

टायरॉड काढून शहाबादी फरशीवर लोळवून बघ. डुगडुगला तर वाकलाय. गडग्याला कधी ठोकली होती का? वाकलेला सरळ करून परत टाकू नको, एकदा वाकलेला पुढच्या वेळी तिथंच वाकतो.

बाहाचं_भूत

लेथवाल्या दादांच्या सगळ्याला अनुमोदन. मी कॉलेजात असताना बाहा एसएईइंडियाच्या टीममध्ये सस्पेन्शनला होतो (२००७ पासून चालू असलेली स्पर्धा, पोरं स्वतः एटीव्ही बनवतात, आमच्या वेळी इंदूरजवळ पिथमपूरला पळवायची, १० एचपीचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंजिन सगळ्यांना सारखं असायचं). तुमची जी चूक झालीय तीच आम्ही केली होती म्हणून हात शिवशिवतायत. आम्ही गाडी स्टँडवर ठेवून, ड्रायव्हर न बसवता, रात्री दोन वाजता टो इतका सुंदर सेट केला होता की फोटो काढले. ड्रायव्हर बसल्यावर गाडी खाली गेली, टो बदलला, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चार तासांच्या एंड्युरन्समध्ये पहिल्या तासातच हँडलिंगची बोंब आणि पुढे टायरॉड वाकला. फोटो अजून आहेत.

तर मुद्दा. चाक वर-खाली होताना ए-आर्म एका गोलाईत फिरतो आणि टायरॉड दुसऱ्या. दोन्ही गोलाया तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे गाडी जितकी खाली बसेल तितका टायरॉड चाकाला ढकलतो किंवा ओढतो, म्हणजे हँडल न हलवता चाक वळतं. याला बम्प स्टिअर म्हणतात. थोडा सगळ्याच गाड्यांत असतो. पण तुमची अलाइनमेंट झाली रिकाम्या गाडीवर आणि तुम्ही चालवता ६० लिटर पाणी नाकावर ठेवून. मशीन खरंच बोलत होतं, फक्त दुसऱ्याच गाडीबद्दल बोलत होतं. वर, पुढून गाडी दबली की किंगपिनचा (ज्या अक्षाभोवती चाक वळतं त्याचा) मागे असलेला कल, म्हणजे कॅस्टर, कमी होतो, आणि तोच तर हँडल आपोआप सरळ आणतो. चाकं वरून आत झुकलीत म्हणताय तोही त्याचाच भाऊ. वरचा ए-आर्म आखूड असला की गाडी दबताना चाकाचा माथा आत जातो, आणि टायर आतून झिजतो.

म्हणून क्रम असा पाहिजे, आधी खेळ, मग गाडी किती बसते ते, आणि टो सगळ्यात शेवटी. उलटं केलंत की दर वेळी टेम्पोभाडं.

सॅग, म्हणजे हे बसणं, कसं मोजायचं ते सांगतो, एक टेप आणि एक माणूस पुरे. हबच्या मध्यापासून बरोबर वर रॅकच्या पाइपपर्यंत माप घ्यायचं, जमिनीपासून नको, कारण जमीन वरखाली आणि टायरची हवा मधे येते. पाइपवर मार्करने खूण करा म्हणजे दर वेळी तीच जागा. पहिलं माप चाकं लटकती असताना. मग गाडी खाली सोडा आणि, हे महत्त्वाचं, दोन-तीन मीटर पुढेमागे ढकला. जॅकवरून उतरताना टायर आतल्या बाजूला गोळा झालेले असतात आणि ते जमिनीला धरून गाडी उचलून ठेवतात, ढकलल्याशिवाय खरं माप मिळत नाही. मग पुढून दाबून हळूच सोडा आणि मोजा, उचलून हळूच सोडा आणि मोजा, दोन्हींची सरासरी. रिकामी, तुम्ही बसून, आणि तुम्ही अधिक भरलेली टाकी, अशी तिन्ही मापं डावी-उजवी वेगळी द्या. चाकाचा एकूण प्रवास मॅन्युअलमध्ये असेल तर तोही लिहा.

प्रीलोड फुल करण्याबद्दल नंतर बोलू.

गप्प_बसवेना

नंतर कशाला आत्ताच बोल की. सात वर्षं चालतंय आमचं.

बाहाचं_भूत

दादा, तुमचा ट्रॅक सपाट आहे आणि भाड्याच्या गिऱ्हाईकाला पाच मिनिटं उडत जायला मजाच वाटते, म्हणून चालतंय. सड्यावर नाही चालणार. कॉलर फिरवली की स्प्रिंग कडक होत नाही, तिचा रेट, म्हणजे मिमीभर दाबायला लागणारं वजन, तोच राहतो, फक्त गाडी वर उचलली जाते. फुल केली की रिकाम्या गाडीत शॉकअब जवळजवळ पूर्ण ताणलेला राहतो आणि चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. खड्डा आला की चाक हवेत आणि वर टॉप-आऊटचा, म्हणजे शॉकअब पूर्ण ताणला गेल्याचा, ठोका. सॅग म्हणजे नुसतं बसणं नाही, खड्ड्यात पाय खाली सोडायला ठेवलेली शिल्लक आहे ती. म्हणून माणूस बसून एकूण प्रवासाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गाडी बसलेली हवीच असते.

सड्यावरचा

चार दिवस फवारणीत गेले, आज बाबांना धरून खळ्यात मापं घेतली. बाबा आधी कुरकुरले, नंतर टेप त्यांनीच हातात घेतला आणि माझं प्रत्येक माप दुसऱ्यांदा तपासलं.

सगळं मिलिमीटरमध्ये, हबपासून रॅकच्या पाइपपर्यंत. लटकती, डावं ५६२, उजवं ५६०. रिकामी, डावं ५०४, उजवं ५१८. मी बसून (वजन ७२ किलो), डावं ४९२, उजवं ५०६. मी आणि भरलेली टाकी (टाकीसकट साधारण ६५ किलो), डावं ४६६, उजवं ४८०. मॅन्युअलमध्ये पुढच्या चाकाचा प्रवास १७० लिहिलाय.

खेळ, बारा-सहाला डावीकडे खालच्या ए-आर्मच्या मागच्या बुशमध्ये थोडा, बोटाला कळतो इतका. उजवीकडे नाही. तीन-नऊला काही नाही. टायरॉड दोन्ही सरळ.

आणि खाली वाकलो होतो म्हणून दिसलं, शॉकअबच्या कॉलरला पाच पायऱ्या आहेत, डावी पहिल्या पायरीवर आणि उजवी तिसऱ्या. हे मी केलेलं नाही. टायरची हवा डावीत ११, उजवीत १८ निघाली, भावाच्या सायकलच्या गेजवर.

बाहाचं_भूत

बाबांना नमस्कार सांगा, आकडे इतके स्वच्छ आहेत की आमच्या लॅबमध्ये नव्हते.

आता बघा. टाकीसकट डावीकडे सॅग ९६, उजवीकडे ८०. १७० पैकी ९६ म्हणजे निम्म्याहून जास्त प्रवास उभ्याउभ्याच खर्च झाला. वर उरले ७४, त्यात जांभ्याचा दगड आला की गाडी बुडाला टेकणार आणि ठोका थेट हँडलला. हिसका म्हणताय त्यातला बराचसा हाच असणार.

टाकीने दोन्ही बाजू बरोबर २६ मिमी खाली गेल्या. ६५ किलो जवळपास पुढच्या चाकांवरच, म्हणजे चाकाला ३२ किलो, भागिले २६, म्हणजे चाकाजवळ मिलिमीटरला सव्वा किलो. दोन्हीकडे सारखंच आलं म्हणून स्प्रिंगची ताकद दोन्हीकडे सारखी आहे असं समजायला हरकत नाही. शॉकअब तिरका आणि आर्मच्या मधे बसवलेला असतो, चाक पावणेदोन-दोन मिमी हललं की तो एक मिमी हलतो, तेव्हा चाकाजवळ सव्वा किलो दिसायला प्रत्यक्षात स्प्रिंग चारेक किलोची असावी लागते. तो हिशोब वर्गात जातो, म्हणून स्प्रिंग बदलताना लोक हमखास फसतात.

रिकाम्या गाडीत डाव्या-उजव्याचा फरक १६. कॉलरची एक पायरी साधारण ४ मिमीची असते, चाकाजवळ तिचे होतात सातच्या आसपास, दोन पायऱ्यांचे १४. उरलेले दोन मिमी त्या बुशच्या खेळाचे किंवा डावी स्प्रिंग थोडी बसली असेल त्याचे. म्हणजे तुमच्या वाकड्या गाडीचं बहुतेक सगळं उत्तर त्या कॉलरमध्ये आहे. दहा-बारा हजार खिशात ठेवा. शॉकअबच्या दांड्यावर तेल उतरलेलं नसेल आणि दाबून सोडल्यावर गाडी एका झोक्यात शांत होत असेल तर तो चांगला आहे.

आता खरी गोष्ट. टाकी. रॅकवर कुठेतरी वजनाचं स्टिकर असेल ते वाचा.

सड्यावरचा

वाचलं. चिखलाखाली होतं. पुढे ४०, मागे ८०. मेलो.

लेथवाला_कोल्हापूर

मेला नाहीस, वाचलास म्हण. ४० च्या जागी ६५ घालून उतारावर ब्रेक मारायलास रोज.

हवा पण बघ जरा. सायकलच्या गेजचा आणि पेट्रोल पंपावरच्या गेजचा इथं उपयोग नाही, त्यात दहाच्या खाली काटा काय बोलतो ते त्यालाच माहीत. एटीव्हीचा टायर पाच-सात पीएसआयवर चालतो, त्याला ० ते १० किंवा १५ चं वेगळं गेज मिळतं, घे. एक टायर फुगलेला एक बसलेला, गाडी ओढणारच की. आणि टेपनं दोन्ही टायरचा घेर मोज, हवा सारखी भरून, लई फरक आला तर टायरच जोडीचे नाहीत.

तो डावा बुश मी नायलॉनमध्ये काढून देतो, पण माप पाठव.

एडमंटनकर

इकडून कॅनडातून लिहितोय. आमच्याकडे हिवाळ्यात एटीव्हीला पुढे बर्फ सारायचं पातं लावतात, पातं आणि त्याची फ्रेम मिळून ५० किलोच्या पुढे जातं, त्यामुळे तुमचं दुखणं इथे दर नोव्हेंबरला घरोघरी असतं. जे शहाणे ते पातं लावलं की कॉलर एक-दोन पायऱ्या चढवतात आणि मार्चमध्ये न विसरता परत उतरवतात, जे रोजच पातं लावून असतात ते जास्त रेटची स्प्रिंग घालतात. म्हणजे वजन कायमचं असेल तर स्प्रिंग, अधूनमधून असेल तर कॉलर. तुमचं अधूनमधूनचं आहे, फवारणीपुरतं.

एक सावध करतो, टाकी उचलून मागे टाका असं कोणीतरी आता सांगेलच आणि बरोबरच आहे, पण चढावर मागे जड झालेली एटीव्ही पुढून उठते. आणि अर्धी टाकी ही पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. आतलं पाणी वळणावर एका कुशीला धावतं आणि गाडीला घेऊन जातं, आडव्या उतारावर तर विचारूच नका. मोठी टाकी अर्धी नेण्यापेक्षा छोटी टाकी काठोकाठ भरून न्या.

बाहाचं_भूत

मी तेच लिहायला बसलो होतो. ४० लिटरची टाकी मागे पंपाच्या शेजारी, शक्य तितकी खाली आणि पुढच्या बाजूला सरकवून. नळीचं वेटोळं पुढच्या रॅकवर, पंधरा किलो तर असेल. दोन खेपा जास्त होतील.

मग कॉलर दोन्ही तिसऱ्या पायरीवर. आणि नेहमीच्या सामानानिशी, म्हणजे तुम्ही बसून, मागे टाकी भरून, पुढे नळी ठेवून, परत सॅग. दोन्हीकडे ५५ ते ६० च्या दरम्यान आला की टोकडे वळा.

टोसाठी मशीन नको, खळं आणि गवंड्याचा ओळंबा पुरे. चाक उचलून फिरवा आणि विटेवर टेकवलेल्या खिळ्याने टायरच्या मधोमध एक रेघ ओढून घ्या, रिम वाकडी असली तरी ही रेघ खरी असते. गाडी खाली, सगळं सामान, माणूस वर, पुढेमागे ढकललेली, हँडल सरळ करून दोरीने बांधलेलं. आता हबच्या उंचीवर टायरच्या पुढच्या टोकाला रेघेवर ओळंब्याची दोरी धरा, खाली जिथे टोक येईल तिथे खडूची खूण. तसंच मागच्या टोकाला. दुसऱ्या चाकाला तेच. गाडी बाजूला घ्या, जमिनीवर चार खुणा राहतील, पुढच्या दोनमधलं अंतर आणि मागच्या दोनमधलं अंतर मोजा. पुढचं कमी तर टो-इन, जास्त तर टो-आऊट. मधे इंजिन, स्किड प्लेट, काही येत नाही.

किती ठेवायचं ते मॅन्युअलचं ऐका, माझं नाही. स्पोर्ट क्वाडला सहसा थोडं टो-इन असतं, पोलारिसच्या काही युटिलिटी गाड्यांच्या मॅन्युअलला उलट थोडं टो-आऊट दिलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलू नका.

लेथवाला_कोल्हापूर

टायरॉड फिरवताना घाई करू नको. एका टोकाला उलटे आटे असत्यात, म्हणून दांडा फिरवला की दोन्ही टोकांनी एकदम लांब नाहीतर आखूड होतो. सव्वा मिमीचे आटे असले तर एका फेऱ्यात अडीच मिमी, आणि ते चाकाच्या टोकाला जाईस्तोवर दीड सेंटिमीटर होत्यात. म्हंजे पाव फेरा म्हणजे सुद्धा एक सूत आणि वर थोडं. दोन्ही बाजू सारख्या फिरव, नाहीतर टो बरोबर येईल आणि हँडल वाकडं बसंल. टायरॉड अक्सलच्या मागं असेल तर लांब केला की टो-इन वाढतो, पुढं असेल तर उलटं. चेकनट आवळताना दोन्ही टोकांचे बॉल एकाच पातळीत आहेत का बघ, एक वर तोंड एक खाली तोंड असं राहिलं तर हँडल पूर्ण वळवल्यावर अडकतंय.

सड्यावरचा

आज जमलं. थोडं सविस्तर लिहितो, कोणाला उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी जुन्या स्थितीतच, टाकी पुढे भरलेली ठेवून, ओळंब्याने टो मोजला, उत्सुकता म्हणून. मशीनवर ३ मिमी टो-इन होता तो टाकीसकट ११ मिमी टो-आऊट निघाला. बाबा दोन्ही खुणांच्या मधे उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही पैसे देऊन वाकडा केला." रिमच्या माथ्यावरून ओळंबा सोडून झुकाव पण बघितला, डावीकडे वर-खाली १३ मिमीचा फरक, उजवीकडे ९.

मग टाकी बदलली, ४० लिटरची मागे. डावी कॉलर पहिल्यावरून तिसऱ्या पायरीवर. शॉकअबचा पाना नव्हता, एका बाजूला लोखंडी पट्टी वाकवून बनवला, हाताची साल गेली. कॉलर मिठाने इतकी धरली होती की आधी दोन दिवस तेल सोडून ठेवावं लागलं. सामानासकट सॅग आला डावीकडे ६१, उजवीकडे ५७. चार मिमीचा फरक राहिलाय.

या नव्या स्थितीत टो होता ४ मिमी आऊट. मॅन्युअलमध्ये ० ते १० मिमी इन दिलाय, मी ४ इन धरला. आमचा टायरॉड मागे आहे, दोन्हीकडे पाव पाव फेरा लांब केला, पहिल्या खेपेला ५ इन आला, बाबा म्हणाले पुरे, मी म्हटलं नाही, केसभर मागे घेतला. झुकावाचा फरक आता डावीकडे ६, उजवीकडे ५. हवा नवीन गेजने स्टिकरवरच्या आकड्याएवढी.

आज चार खेपा मारल्या. सरळ जाते. त्याच उंचवट्यावरून मुद्दाम नेली, हँडल थरथरतं पण हिसकत नाही. झिजलेले टायर तसेच आहेत, डावा-उजवा अदलाबदल केला, हंगाम संपला की नवीन.

दोन शंका. झुकाव अजून थोडा आहे तो काढता येतो का? आणि डावीकडे चाक खड्ड्यात उतरताना एक बारीक "टक" असा आवाज येतोय, हा आधी नव्हता, का आधी बाकीच्या गोंधळात ऐकू येत नव्हता?

बाहाचं_भूत

तुमच्या रिमला साडेपाच मिमी म्हणजे साधारण एक अंश. एवढा आत झुकाव राहू दे, वळणावर कामाला येतो. तशीही बहुतेक युटिलिटी एटीव्हींना कॅम्बर, म्हणजे हा झुकाव, ॲडजस्ट करायची सोयच नसते, गाडीच्या उंचीबरोबर येतो तो खरा. चार मिमीचा सॅगचा फरक बुश बदलल्यावर परत मोजा. तरी राहिला तर दोन्ही स्प्रिंग काढून मोकळी लांबी शेजारी शेजारी लावून बघा, आखूड निघाली तर जोडीनेच बदलायच्या, एकच नको.

गप्प_बसवेना

मी काल आमच्या एका गाडीची कॉलर दोन पायऱ्या खाली घेऊन बघितली. नंतर सांगतो.

लेथवाला_कोल्हापूर

टक आवाज म्हंजे शॉकअबच्या वरच्या डोळ्यातला रबरी बुश नाहीतर तोच खालचा ए-आर्म. आधी गाडी खाली दबलेली असायची त्यामुळं तो खेळ वजनाखाली दाबून राहायचा, आता चाक मोकळं खाली जातंय म्हणून बोलायला लागलाय. शॉकअबच्या वरच्या बोल्टवर बोट ठेव आणि बाबांना चाक वर-खाली करायला सांग, बोटाला टक लागला की तोच.

खालच्या बुशचा बोल्ट काढशील तेव्हा स्लीव्ह आत गंजून बोल्टला धरली असंल, हातोड्यानं थेट ठोकू नको, आटे जातील. नट दोन-तीन आटे लावून ठेव आणि नटावर लाकूड धरून ठोक. नवीन बसवताना ग्रीस भरपूर, आणि फवारणीनंतर गाडी धुताना प्रेशरचं पाणी थेट बुशवर मारू नको.

स्लीव्हचं बाहेरचं माप, लांबी, आणि आर्मच्या नळीचं आतलं माप पाठव. व्हर्नियरनं घे, पट्टीनं घेतलेलं चालत नाही. आणि तिन्ही मापं दोन-दोनदा, बाबांना घ्यायला सांग.